दर हिवाळ्यात वळचणीला बर्फाचा बांध आणि खोलीत ओल: जुन्या घराच्या गळतीचे निदान, उष्णतारोधनाचा खर्च, सवलती आणि परवाने

मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टरजवळच्या एका गावात आमचे दीड मजली लाकडी घर आहे. ते १९२६ साली बांधलेले आहे. मोठी हिमवृष्टी होऊन तीन-चार दिवस गेले, आकाश निरभ्र झाले आणि थंडी कडक पडली, की वरच्या मजल्यावरील निजायच्या खोलीत उतरत्या छताच्या कडेला ओल येत असे, रंगाला फुगे धरत असत आणि शेवटी खिडकीच्या चौकटीवरून पाणी ठिबकू लागे. बाहेर मात्र वळचणीला हातभर जाडीचा बर्फाचा बांध आणि त्याला लोंबणाऱ्या, पुरुषभर लांबीच्या गोठलेल्या पागोळ्या दिसत. ऑक्टोबरमधल्या झोडपणाऱ्या पावसात त्याच जागी पाण्याचा एक थेंबही येत नसे.

या वर्णनातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते माझ्या लक्षात यायला सात वर्षे लागली. पावसात न गळणारे छत बर्फात गळत असेल, तर दोष बहुधा छतात नसतो. आपल्याकडे ही अडचण दरसाल येत असेल, तर पुढील मजकूर वाचेपर्यंत छप्परवाल्याला बोलावू नये, अशी माझी विनंती आहे.

आम्ही काय काय चुकीचे केले

घर घेतल्यानंतरचा आमचा पहिलाच हिवाळा २०१५ चा होता. त्या फेब्रुवारीत बॉस्टनच्या लोगन विमानतळावर ६४.८ इंच बर्फ पडला आणि पूर्ण मोसमाची बेरीज ११०.६ इंचांच्या विक्रमापर्यंत गेली. गल्लीतील निम्म्या घरांच्या वळचणी गोठल्या होत्या, त्यामुळे आमची गळती ही त्या सालाची करणी आहे असे मानून आम्ही भिंत रंगवून घेतली. पुढच्या हिवाळ्यांत बर्फ कमी पडूनही ओल आलीच. कोकणात वाढलेल्या माणसाला गळती म्हटली की मृगापूर्वीची शाकारणी आठवते, आणि मीही तेच केले: २०१८ साली अकरा हजार डॉलर खर्चून छताचे शिंगल, म्हणजे कौलांच्या जागी एकावर एक बसवलेल्या चपट्या पट्ट्या, बदलून घेतले. छप्परवाल्याने वळचणीपासून तीन-चार फूट वरपर्यंत शिंगलखाली चिकट जलरोधक पडदाही बसवला. ते काम वाईट नव्हते, कारण त्यानंतर ठिबकणारे पाणी निम्म्यावर आले. पण बर्फाचा बांध तेवढाच मोठा होत राहिला.

मग आम्ही वळचणीवर नागमोडी वळणाची तापणारी वीजतार लावली. तिने बर्फात बोटभर रुंदीच्या वाटा पाडल्या आणि विजेचे बिल वाढवले. २०२१ साली मी स्वतः पोटमाळ्यावर गुलाबी फायबरग्लासच्या गाद्या अंथरल्या आणि कुठूनही वारा येऊ नये म्हणून त्या थेट वळचणीच्या कोपऱ्यापर्यंत ठासून भरल्या. मी केलेल्या सगळ्या चुकांमध्ये ही चूक सर्वांत महाग पडली, कारण वळचणीखालच्या फळीतून पोटमाळ्यावर येणारी थंड हवा त्यामुळे बंद झाली. पुढच्या जानेवारीत मी टॉर्च घेऊन वर गेलो, तेव्हा छताच्या फळीतून खाली डोकावणाऱ्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढऱ्या दवाचा मणी गोठलेला होता आणि फळीवर काळपट बुरशीचे ठिपके पडले होते. जानेवारीअखेरच्या हिमवादळानंतर गळती आधीच्या वर्षीपेक्षा जास्त झाली.

त्या वेळी रत्नागिरीहून आई आली होती. दिवसभर खिडकीशी बसून बर्फ पाहणे हा तिचा विरंगुळा होता. तिने एके दिवशी सहज विचारले, "अरे, त्या गाडीच्या खोलीला का नाही लागत ही लोंबती?" मी बाहेर पाहिले. घराला लागूनच असलेल्या गॅरेजच्या छताचा उतार तोच, दिशा तीच, ऊनही तेवढेच. आणि त्याच्या वळचणीला बोटभरसुद्धा पागोळी नव्हती. दोन्ही छतांत फरक एकच होता, आणि तो म्हणजे गॅरेज आम्ही तापवत नव्हतो.

बांध कसा धरतो

घरातील उबदार हवा हलकी असल्याने वर चढते आणि छतापर्यंत पोचल्यावर जिथे फट मिळेल तिथून पोटमाळ्यावर निसटते. तिच्यामुळे छताची फळी आतून तापते. बाहेर त्याच फळीवर फूटभर बर्फ साचलेला असतो, आणि ताजा भुसभुशीत बर्फ हे स्वतःच एक उत्तम पांघरूण आहे; उष्णता अडवण्याची ताकद ज्या मापाने मोजतात त्या आर-व्हॅल्यूत (आकडा जितका मोठा तितका अडथळा जास्त) त्याची ताकद इंचाला साधारण एक असते. त्यामुळे बाहेर १५ अंश फॅरनहाइट तापमान असले तरी पांघरुणाखालची फळी ३२ अंशांच्या, म्हणजे गोठणबिंदूच्या, वर जाऊ शकते. मग बर्फाचा सर्वांत खालचा थर वितळतो आणि ते पाणी शिंगलवरून उतरत वळचणीपर्यंत येते. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली तापवलेली खोली नसते, म्हणून ती बाहेरच्या हवेइतकीच थंड राहते. तिथे पाणी गोठते, त्यावर पुढचे पाणी गोठते, आणि काही दिवसांत बांध उभा राहून त्याच्यामागे पाण्याचे तळे साचते. शिंगल हे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसवलेले असतात. ते वरून खाली वाहणारे पाणी अडवतात, पण तुंबून खालून वर चढणारे पाणी त्यांना अडवता येत नाही. म्हणूनच पावसात कोरडे राहणारे छत हिमवृष्टीनंतर गळते, आणि बर्फ जितका जास्त साचेल तितकी गळती वाढते.

यावरून उपायांचा क्रमही ठरतो. आधी घरातली हवा वर निसटू द्यायची नाही, मग उष्णता अडवायची, आणि त्यानंतरही जी थोडी उष्णता वर जाईल ती वळचणीपासून आढ्यापर्यंत खेळणाऱ्या थंड हवेने वाहून न्यायची. मी दुसरी गोष्ट पहिलीआधी केली आणि ती करताना तिसरी बंद करून टाकली. फायबरग्लासची गादी उष्णता अडवते, पण वाहती हवा अडवत नाही. तिच्यातून उबदार आणि दमट हवा आरपार जाते आणि वरच्या थंड खिळ्यांवर दव होऊन बसते.

आपल्या घराची तपासणी

हलकी हिमवृष्टी झाल्यानंतरच्या सकाळी किंवा दाट दव गोठलेल्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, रस्त्याच्या पलीकडे उभे राहून छताकडे पाहावे आणि शक्य असल्यास छायाचित्र काढून ठेवावे. ज्या जागी बर्फ आधी विरतो, तिथून उष्णता निसटते. धुराड्याभोवती उघडे पडलेले वर्तुळ दिसले तर धुराड्याच्या कडेची फट समजावी. वाशांच्या ओळीत पट्टे दिसले तर वाशांमधला उष्णतारोधक थर अपुरा किंवा तुटक आहे. आणि न्हाणीघराच्या वर एकच गोल डाग असेल तर तिथल्या पंख्याची नळी घराबाहेर न जाता पोटमाळ्यावरच हवा सोडते आहे, असा संशय घ्यावा. शेजारचे न तापवलेले गॅरेज किंवा ओसरी असेल तर तुलनेसाठी याहून चांगले साधन नाही.

पोटमाळ्यावर चढून जुनी गादी जागोजागी उचलून पाहावी. ती जिथे काजळीसारखी काळी पडली असेल, तिथे ती अनेक वर्षे हवेची गाळणी म्हणून काम करते आहे आणि तिच्या नेमके खाली भोक आहे. घाबरू नये, तो डाग बहुतेक वेळा धुळीचा असतो. कडक थंडीच्या वाऱ्याच्या दिवशी सर्व खिडक्या बंद करून, स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघरांचे पंखे चालू करून, पोटमाळ्याच्या झडपेच्या कडेने खोलीच्या बाजूने उदबत्ती फिरवली तरी पुष्कळ कळते. आमच्या घरात धूर झडपेपासून दूर, थेट खाली ढकलला जात होता. मात्र उदबत्ती घेऊन पोटमाळ्यावर जाऊ नये.

व्यावसायिक तपासणीत हेच काम ब्लोअर डोअरने करतात. मुख्य दारात कापडी पडद्यासह मोठा पंखा बसवून घर आणि बाहेरची हवा यांत ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करतात आणि तो टिकवण्यासाठी मिनिटाला किती घनफूट हवा ओढावी लागते ते मोजतात. आमच्या घराचा आकडा ४,१०० निघाला. पंखा चालू असताना तपासनिसाने मला इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून वरच्या खोलीची भिंत दाखवली, तेव्हा भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर काळ्या-जांभळ्या रंगाची रेघ स्पष्ट उमटली होती. त्या रेघेमागेच आमचा खरा चोर दडलेला होता.

दीड मजली घराची खास खोड

आमच्या घराला इथले लोक बंगलो म्हणतात. आपल्याकडचा बंगला इंग्रजांबरोबर जगभर फिरून शेवटी मॅसॅच्युसेट्सच्या बर्फात कसा येऊन बसला, याची गंमत वाटते, पण या ठेवणीचे घर बर्फाच्या बांधाला विशेष बळी पडते. वरच्या खोल्या छताच्या उतारातच बसवलेल्या असतात. खोलीच्या दोन्ही बाजूंना, ज्याला इथले सुतार नी वॉल म्हणतात ती, कमरेइतकी ठेंगणी भिंत असते आणि तिच्यामागे वळचणीपर्यंत निमुळती होत जाणारी थंड, अंधारी जागा असते. ठेंगण्या भिंतीत थर भरलेला असतो, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. पण खोलीच्या जमिनीखालच्या तुळयांमधील पोकळ्या या भिंतीखालून सरळ पलीकडे गेलेल्या असतात. खालच्या मजल्याच्या छतातून निसटलेली ऊब त्या पोकळ्यांतून वळचणीपर्यंत पोचते आणि थंड वारा त्याच वाटेने उलट येऊन जमीन गार करतो. त्या खोलीत पायमोजे घालूनही पाय गारठत असतील, तर कारण बहुधा हेच असते.

उपाय असा की, ठेंगण्या भिंतीच्या नेमके खाली प्रत्येक दोन तुळयांमध्ये ताठ फोमचा तुकडा बसवून त्याच्या चारही कडा फवारल्यावर फुगून घट्ट होणाऱ्या फेसाने बंद कराव्यात. आमच्या घरात असे ३४ तुकडे लागले. काम कंटाळवाणे, पडून करायचे आणि दिसायला नगण्य आहे, म्हणूनच घाईत काम करणारे कंत्राटदार ते टाळतात; करारपत्रात ते वेगळ्या ओळीत लिहून घ्यावे. उरलेल्या फटींपैकी पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांभोवतीच्या, दिव्यांच्या डब्यांच्या, आतल्या भिंतींच्या माथ्याच्या आणि झडपेच्या फटी साध्या फेसाने किंवा सीलंटने भागतात. धुराड्याभोवती मात्र फेस चालत नाही. विटांपासून लाकूड दोन इंच दूर ठेवण्याचा नियम आहे, आणि ती मोकळी जागा पत्र्याने झाकून कडा उच्च तापमान सहन करणाऱ्या सीलंटनेच बंद कराव्या लागतात.

फटी बुजल्यानंतर थराचा प्रश्न येतो. आमच्याकडच्या हवामानाच्या पट्ट्यात पोटमाळ्यासाठी आर-४९ ते आर-६० ची शिफारस आहे. सेल्युलोज म्हणजे बोरेट मिसळून आग व किडे यांपासून जपलेला जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा. त्याची ताकद इंचाला सुमारे ३.५ असल्याने सपाट भागावर १४ ते १७ इंच जाडीचा थर लागतो. उतरत्या छतात मात्र जागाच नसते. वासे सहा इंचांचेही नाहीत, आणि त्यातून हवा खेळण्यासाठी फळीखाली किमान एक इंचाची वाट सोडण्याकरिता पन्हळीसारखे पत्रे ठोकावे लागतात, त्यामुळे तिथे आर-२० देखील ओढूनताणून मिळते. पूर्ण उतारावर आतून स्प्रे फोम मारण्याचा मार्ग आहे आणि बंद पेशींचा फोम इंचाला ६ ते ७ देतो, पण त्याचा खर्च अनेक पटींनी जास्त असतो आणि पुढे छताची फळी कुजली तर ती दिसतही नाही. मी तो मार्ग घेतला नाही आणि शंभर वर्षांच्या घराला तो घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा, असे माझे मत आहे.

थर भरण्यापूर्वीचे दोन अडथळे

पहिला अडथळा विजेच्या तारांचा आहे. साधारण १८८० ते १९४० च्या दरम्यान बांधलेल्या घरांत चिनी मातीच्या खुंट्यांवर आणि नळ्यांतून ओढलेल्या सुट्या तारा आढळतात. त्यांना इथे नॉब-अँड-ट्यूब म्हणतात. या तारा भोवतालच्या मोकळ्या हवेत आपली उष्णता सोडतील असे गृहीत धरूनच ती पद्धत योजली होती, त्यामुळे त्यांच्यावर सेल्युलोज किंवा फेस भरणे धोक्याचे आहे आणि राष्ट्रीय वीज संहिता तशा पोकळ्यांत त्यांना मनाई करते. तारा जिवंत नाहीत असे परवानाधारक वायरमनने लेखी दिल्याशिवाय (पुढे सांगितलेल्या) सवलत योजनेतील कंत्राटदार कामाला हात लावत नाही. आमच्या तळघरातील पेटी नवी होती, तेथून निघणाऱ्या केबली नव्या होत्या, म्हणून घराचे वायरिंग नवे आहे असे मी समजत होतो. प्रत्यक्षात त्या केबली भिंतीत शिरल्यावर जुन्या तारांना जोडलेल्या निघाल्या.

दुसरा अडथळा व्हर्मिक्युलाइटचा आहे. पोटमाळ्यावर राखाडी-तपकिरी, चकाकणारे, लहान खड्यांसारखे दाणे पसरलेले दिसले, तर ते हलवू नयेत, झाडू नयेत आणि तिथे सामानही ठेवू नये. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी बहुतांश माँटाना राज्यातील लिबी येथील खाणीतून आले आणि त्या खनिजात ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. त्यात ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे. ते काढण्याचे काम केवळ परवानाधारक ॲस्बेस्टॉस कंत्राटदाराचे आहे. झोनोलाइट या नावाने विकलेला माल असल्याचे सिद्ध झाल्यास त्यासाठी स्थापन झालेला न्यास काढण्याच्या खर्चाचा काही भाग परत करतो, म्हणून नमुना, छायाचित्रे आणि पावत्या जपून ठेवाव्यात. आमच्या घरी व्हर्मिक्युलाइट नव्हते, पण समोरच्या घरात होते, आणि त्यांचे काम त्यामुळे वर्षभर लांबले.

खर्च आणि सवलती

मॅसॅच्युसेट्समध्ये वीज आणि गॅस कंपन्या मिळून मास सेव्ह ही योजना चालवतात. तिचा पैसा आपल्याच बिलातील ऊर्जा-कार्यक्षमतेच्या आकारातून येतो, म्हणजे आपण तिचा लाभ घेतला नाही तरी वर्गणी भरतच असतो. घराची तपासणी विनामूल्य होते, फटी बुजवण्याचे मंजूर काम विनामूल्य होते आणि मंजूर उष्णतारोधक थरावर ७५ टक्के किंवा त्याहून अधिक सवलत मिळते. उत्पन्न मर्यादेत असणाऱ्यांना पूर्ण खर्च मिळतो. अट एकच आणि ती काटेकोर आहे: आधी तपासणी, मग मंजुरी, मग योजनेतील कंत्राटदाराकडून काम. आधी काम करून मागाहून पावती पाठवण्याची सोय नाही. राज्यातील चाळिसेक गावांत, उदाहरणार्थ श्रूजबरी, बेलमाँट, रेडिंग आणि वेलस्ली येथे, वीज गावाच्या स्वतःच्या खात्याकडून येते. तिथे त्या खात्याची वेगळी योजना पाहावी लागते. मात्र घर तापवणारा गॅस योजनेतील कंपनीचा असेल तर त्या बाजूने पात्रता मिळू शकते, हे विचारून घ्यावे.

२०२४ च्या शरद ऋतूतील आमचा हिशेब असा होता. एकूण काम ९,४०० डॉलरचे होते. त्यापैकी १,३०० डॉलरचे फटी बुजवण्याचे काम पूर्णपणे योजनेने भरले. उरलेल्या ८,१०० डॉलरचा, म्हणजे पोटमाळा, उतार, ठेंगण्या भिंती आणि बाहेरच्या भिंतींतील पोकळ्या भरण्याचा, चौथा हिस्सा म्हणजे २,०२५ डॉलर आम्ही दिले. इथवर ऐकून कोणालाही हेवा वाटेल. पण त्याआधी जुन्या तारा बदलण्यासाठी ६,८०० डॉलर गेले होते, त्यासाठी उघडलेल्या भिंतींच्या गिलाव्याचे वेगळे, आणि मी हौसेने अंथरलेल्या गाद्या काढून फेकण्याचे ६०० डॉलर वेगळे. जुन्या घरात सवलत मिळते ती स्वस्त कामाला, आणि पैसा जातो तो त्या कामाच्या वाटेतील अडथळे दूर करण्यात. अंदाजपत्रक मांडताना हे आधीच गृहीत धरावे. अडथळ्यांसाठीही योजनेत मर्यादित मदत आणि बिनव्याजी कर्जाची तरतूद असते. तिच्या रकमा आणि अटी बदलत राहतात, म्हणून तपासनिसाकडून त्या वर्षीचा कागद मागून घ्यावा.

केंद्र सरकारच्या आयकरातील सवलतीविषयी अजूनही जुनी माहिती फिरते, म्हणून स्पष्ट लिहितो. कलम २५-सी खाली २०२३ पासून खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त १,२०० डॉलर, करातून वजा होत असत; परंतु जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार ३१ डिसेंबर २०२५ नंतर पूर्ण झालेल्या कामाला ही सवलत उरलेली नाही. त्या तारखेपूर्वी काम झालेल्यांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: उष्णतारोधनाच्या बाबतीत फक्त साहित्याची किंमत धरली जाते, मजुरी नाही, आणि योजनेने भरलेली रक्कम आधी वजा करावी लागते. आम्ही दिलेल्या पैशांतील साहित्याचा भाग ७०० डॉलर निघाला आणि आमच्या हाती २१० डॉलर आले. कंत्राटदाराने बिलात साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवली नसती, तर तेही आले नसते.

परवाने

घराच्या आतील थर भरण्याच्या कामालाही गावाच्या इमारत खात्याचा परवाना लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. तो कंत्राटदाराने काढावा. शुल्क वाचवण्यासाठी किंवा "लवकर होईल" म्हणून घरमालकाने स्वतःच्या नावावर परवाना काढावा असे कोणी सुचवले, तर स्पष्ट नकार द्यावा. तसे केल्यास नोंदणीकृत कंत्राटदाराविरुद्ध राज्याच्या हमी निधीतून भरपाई मागण्याचा आपला हक्क जातो. कंत्राटदाराकडे बांधकाम पर्यवेक्षकाचा परवाना आणि गृहसुधारणा कंत्राटदार म्हणून नोंदणी, अशी दोन्ही कागदपत्रे हवीत, आणि दोन्ही क्रमांक राज्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतात. एक हजार डॉलरवरील कामाचा करार लेखी असणे बंधनकारक आहे. आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक मागता येत नाही. खास मागवलेले साहित्य त्याहून महाग असेल तेवढाच अपवाद आहे. आम्हाला आधी भेटलेल्या एका कंत्राटदाराने निम्मी रक्कम रोख मागितली होती आणि परवान्याचा विषय काढताच तो पुन्हा फोनवर आला नाही.

तारांच्या कामाचा परवाना वेगळा असतो आणि तो परवानाधारक वायरमनच काढतो. त्याची अंतिम तपासणी झाल्याशिवाय भिंती बंद करू नयेत. बाहेरून भिंतीत भोके पाडून सेल्युलोज भरायचे असेल आणि घर १९७८ पूर्वीचे असेल, तर रंगात शिसे असण्याची शक्यता धरून प्रमाणित पद्धतीने काम करण्याचे बंधन आहे. खाली प्लॅस्टिक अंथरून, धूळ आवरून काम होते की नाही हे डोळ्यांनी पाहावे, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. घर स्थानिक ऐतिहासिक विभागात येत असेल, तर रस्त्यावरून दिसणाऱ्या बाहेरच्या बदलांना त्या समितीची संमती लागते. आतून होणाऱ्या कामाशी तिचा संबंध नसतो, पण आढ्यावर नवी हवेची खाच पाडणे हा बाहेरचाच बदल समजला जातो.

काम संपल्यावर ब्लोअर डोअरची चाचणी पुन्हा करून घ्यावी आणि गॅसवर चालणाऱ्या पाणी तापवण्याच्या टाकीचा धूर नीट वर जातो की खोलीत परततो, हेही तपासून घ्यावे. घर घट्ट झाले की पंखे चालू असताना धूर उलटा खेचला जाऊ शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घट्ट घरात दमटपणाही वाढतो. आपल्या स्वयंपाकात कुकरच्या शिट्ट्या, उकळते वरण आणि फोडणी रोजचीच, तेव्हा चुलीवरचा पंखा हवा बाहेर फेकणाराच असावा. गाळून पुन्हा खोलीत सोडणारा पंखा वास कमी करील, वाफ नाही.

आज रात्रीच पाणी ठिबकत असेल तर

छतावर चढू नये आणि बांधावर कुऱ्हाड-हातोडा चालवू नये. बर्फाबरोबर शिंगलही निघतात. जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या फावड्याने वळचणीपासून तीन-चार फुटांपर्यंतचा सैल बर्फ खाली ओढावा, आणि पागोळ्यांच्या खाली उभे राहू नये. जुन्या पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइडचे खडे भरून तो बांधावर आडवा न ठेवता उभा, म्हणजे आढ्याकडून पन्हळीकडे, ठेवला तर काही तासांत पाण्याला वाट मिळते. साधे मीठ वापरू नये, त्याने पन्हळ आणि खालची झाडे दोन्ही खराब होतात. खोलीत छताला पाण्याचा फुगा धरला असेल, तर खाली बादली ठेवून त्याला स्वतःच बारीक भोक पाडावे, नाहीतर भिजलेला गिलावा एकदम कोसळतो. वाफेने बर्फ कापणारे व्यावसायिक काम व्यवस्थित करतात, पण तासावर पैसे घेतात आणि मोठ्या वादळानंतर सगळ्यांचेच फोन त्यांना जातात. आम्ही एका सकाळचे १,४०० डॉलर मोजले आहेत. ओलीची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत, कारण विमा कंपनी आतील नुकसानीचा विचार बहुधा करते, मूळ दोष दुरुस्त करण्याचा नाही.

सद्यस्थिती

कामानंतर पंख्याचा आकडा ४,१०० वरून २,७५० वर आला. पहिल्या हिवाळ्यात बर्फ बेताचाच पडल्याने गळती झाली नाही याला मी पुरावा मानत नाही. मात्र फेब्रुवारीत सात-आठ इंच बर्फ पडल्यानंतर चौथ्या दिवशी मी सकाळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो, तेव्हा घराचे आणि गॅरेजचे छत प्रथमच सारखेच पांढरे दिसले, आणि धुराड्याभोवतीचे काळे वर्तुळही नव्हते. छायाचित्र आईला पाठवले. तिने ते मोठे करून पाहिले असावे, कारण न्हाणीघराच्या खिडकीवर अजून एक पागोळी आहे हे तिनेच कळवले. ती खरोखर होती, वीतभर लांबीची. पोटमाळ्यावर जाऊन पाहिले तर पंख्याची नळी नियमाप्रमाणे बाहेर काढलेली आहे, पण शेवटचे चार फूट उघडीच राहिली आहे, तिच्यावर वेष्टण नाही. सप्टेंबरमध्ये पोटमाळा थंड झाला की ते काम करायचे आहे.